हजेरीचा कायदा

१८७१ साली ब्रिटिश साम्राज्यात गुन्हेगारी रोखण्यासाठी दोन कायदे झाले. एक लंडनच्या पार्लमेंटने केला, दुसरा कलकत्त्याच्या कौन्सिलने. दोहोंमागे एकच धास्ती होती : काही लोक गुन्हेगारीला धंदा मानतात, तुरुंगातून सुटले की पुन्हा तेच करतात, तेव्हा त्यांच्यावर कायमची नजर हवी. विलायतेतल्या कायद्याने पोलिसांना ही नजर ठेवायचा अधिकार दिला, पण ज्याच्यावर ती ठेवायची त्याचा गुन्हा आधी न्यायालयात शाबित झालेला असला पाहिजे, आणि तोही एकदाच नव्हे, अशी अट घातली. हिंदुस्थानातल्या कायद्याने, म्हणजे १२ ऑक्टोबर १८७१ रोजी संमत झालेल्या ‘क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट’ने, ही अट काढून टाकली. येथे आख्खी जमात, टोळी किंवा वर्ग सरकारी अधिसूचनेने गुन्हेगार ठरवता येऊ लागला. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात त्या वेळी कायदेविषयक सदस्य होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. पुढच्याच वर्षी, १८७२ साली, त्यांनी घडवलेला पुराव्याचा कायदा आला. आपल्या न्यायालयांनी तो दीडशे वर्षांहून अधिक काळ वापरला. न्यायालयात काय पुरावा म्हणून चालेल आणि काय चालणार नाही, याचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या राजवटीने त्याच सुमारास लाखो माणसांना पुराव्याच्या कक्षेबाहेर नेऊन ठेवले. हे अनवधानाने झालेले नाही. एखादे वर्तन गुन्हा ठरवण्याचे अवघड काम टाळून थेट माणसालाच गुन्हा ठरवायचे, असा तो निर्णय होता. त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

कोणत्याही मनाई करणाऱ्या कायद्याला एक साधी कसोटी लावता येते : या कायद्याखाली पकडलेल्या माणसाला ‘मी हे केले नाही’ असे म्हणून सुटण्याची वाट आहे का? १८६० सालच्या दंडसंहितेतली चोरीची व्याख्या घ्या. वस्तू जंगम हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, त्याची संमती नसायला हवी, हेतू अप्रामाणिक हवा आणि त्या हेतूने वस्तू जागची हलवलेली हवी. यांतला एक जरी घटक शाबित झाला नाही, तरी आरोपी सुटतो. ही काटेकोर बांधणी केवळ आरोपीच्या सोयीसाठी नसते. शासनालाही ती बंधन घालते, कारण काय सिद्ध करायचे हे त्याला आधीच सांगून टाकावे लागते. १८७१च्या कायद्याने हे बंधन सैल केले. स्थानिक सरकारला एवढेच वाटायला हवे होते, की अमुक जमात अजामीनपात्र गुन्हे पद्धतशीरपणे करण्याच्या सवयीची आहे. तसा अहवाल वर जायचा, मंजुरी मिळायची, अधिसूचना निघायची. अधिसूचना निघाली, की तिच्या वैधतेबद्दल प्रश्न विचारायची कोणत्याही न्यायालयाला मुभा नव्हती. तीच निर्णायक पुरावा मानली जाई. नोंदवहीत नाव चढलेल्या माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार करता येत असे, पण फार तर ‘मी त्या जमातीतला नाही’ एवढीच. ‘त्या जमातीतला आहे, पण चोर नाही’ हे उत्तर कायद्याला ऐकूच येत नव्हते.

या कायद्याने वर्तनावर बंदी घातलीच नाही, असे मात्र नाही. त्याने वेगळ्याच वर्तनावर बंदी घातली. नोंद झालेल्या माणसाने ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जायचे असेल तर पास घ्यायचा. वस्तीतून पळाला, पास नसताना दुसऱ्या गावी सापडला, तर तोच गुन्हा आणि त्यालाच शिक्षा. म्हणजे ज्याने कधी कुणाच्या दाण्याला हात लावला नाही, असा माणूसही लेकीला भेटायला हद्द ओलांडून गेला की कायद्याने गुन्हेगार ठरत असे. मग त्याची शिक्षा नोंदली जाई आणि तीच नोंद त्याची जमात गुन्हेगार असल्याचा आणखी एक दाखला म्हणून पुढे येई. कायदा स्वतःच गुन्हे तयार करत होता आणि त्यांच्याच आकड्यांवर स्वतःचे समर्थन उभे करत होता. ज्यांच्यावर हा अंमल बसला, त्यांतल्या अनेकांचे पोटच फिरतीवर होते, ही त्यातली सर्वांत क्रूर बाजू. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरत. कैकाडी टोपल्या, कणग्या विणून गावोगाव विकत. वडार दगड फोडायला, माती ओढायला जिथे काम निघेल तिथे पाल टाकत. पारधी शिकारीवर जगत. रेल्वेने बैलांची वाहतूक मोडली, मिठावरच्या कराने आणि सरकारी बंदोबस्ताने मिठाचा फिरता व्यापार आवळला, १८७८च्या वनकायद्याने रानात शिरणेच अपराध ठरवले. आधी धंदा गेला, मग उरलेली भटकंती संशयास्पद ठरली. एका जागी राहून शेतसारा भरणारा माणूस हाच चांगुलपणाचा नमुना मानणाऱ्या राजवटीला जमिनीच्या नोंदीत न सापडणारी माणसे धोक्याची वाटली, यात नवल नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्याची खोड इंग्रजांनी इथे आणली का? जातिव्यवस्था आपली होती. चोरीला जातीचा धंदा मानण्याची कल्पना अधिकाऱ्यांना सुचली, ती इथल्याच वरच्या जातींच्या बोलण्यातून आणि पोथ्यांतून. हे खरे आहे, आणि त्यातला आपला वाटा आपण नाकारू नये. पण जुन्या व्यवस्थेत संशयाच्या दुसऱ्या टोकाला हक्क बांधलेला होता, हेही तितकेच खरे. मराठी मुलुखात रामोशी आणि बेरड हे गावाचे, गढ्यांचे, किल्ल्यांचे राखणदार होते. गावात चोरी झाली, की रामोशाने माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत पोचवला की जबाबदारी त्या गावावर. माग लागलाच नाही तर भरपाईचा बोजा राखणदारावर. या कामाचे त्याला धान्याचे बलुते, जमीन, रोख हक्क मिळत. ही व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणत नाही. तिच्यात धाक होता, कधीकधी राखणदारच चोरांशी संधान बांधत. पण तिच्यात घासाघीस करायला जागा होती, आणि ज्याच्यावर संशय त्याच्याच हाती पहाऱ्याची काठीही होती. १८१८ नंतर किल्ल्यांचे महत्त्व संपले, राखणीचे हक्क आटले. पुरंदरच्या रामोशांचे असे हक्क हिरावले गेल्यातूनच उमाजी नाईकांचे बंड पेटले. त्यांना १८३२ साली पुण्यात फाशी झाली. त्यांना पकडण्याच्या मोहिमेत असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉश यांनी १८३३ साली रामोशांवर आणि उमाजींवर पुस्तक लिहिले. एका माणसाच्या बंडाची हकीकत आणि सबंध जमातीचे वर्णन त्यात एकाच बासनात आले. इंग्रजी राजवटीने जुन्या व्यवस्थेतला संशय तेवढा ठेवला, हक्क काढून घेतला, आणि उरलेल्या संशयाला राज्यभर लागू होणाऱ्या कायद्याचे बळ दिले. जातीचा डाग गावात होता, तो आता नोंदवहीत गेला. माणूस गाव सोडून गेला तरी नोंदवही त्याच्या आधी तिथे पोचलेली असे.

या नोंदवहीपर्यंत इंग्रजी राजवट टप्प्याटप्प्याने आली. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जच्या काळात बंगालसाठी नियम झाला, की दरोडेखोराला त्याच्याच गावात फाशी द्यावे, गावाला दंड करावा आणि त्याच्या कुटुंबाला सरकारचे गुलाम करावे. एकाच्या कृत्याची शिक्षा बायकामुलांपर्यंत ताणण्याचे बीज इथे आहे. १८३६च्या ठगीविरोधी कायद्याने पुढचे पाऊल टाकले. अमुक खून केला हे सिद्ध करायची गरज उरली नाही; माणूस कधीकाळी, कुठेही, ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की सक्तमजुरीसह जन्मठेप. पुरावा बहुतेक वेळा माफीच्या साक्षीदारांचा. तरीही या कायद्यात ‘टोळीत असणे’ ही गोष्ट सिद्ध करावी लागत होती. टोळी ही माणसाने निवडलेली संगत असते. १८७१ साली टोळीच्या जागी जमात आली. जमात कुणी निवडत नाही, आणि तिच्यातून राजीनामाही देता येत नाही. कायद्याच्या इतिहासात एवढासा दिसणारा हा बदल आहे. माणसाच्या आयुष्यात तो पूर्वेकडून पश्चिमेकडे जाण्याइतका मोठा आहे.

एकदा वर्तनाची दोरी सुटली, की कायदा कुठवर घसरतो हे पुढच्या दुरुस्त्यांत दिसते. १८९७च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारवस्तीत ठेवण्याची तरतूद केली. दंडसंहितेचे ८२वे कलम सांगत होते, की सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा होऊच शकत नाही. म्हणजे जे मूल कायद्याच्याच म्हणण्याप्रमाणे गुन्हा करायला असमर्थ आहे, त्यालाच गुन्हेगारीपासून वाचवण्यासाठी आईच्या कुशीतून उचलायचे. १९११ साली कायदा नव्याने लिहिला गेला. तोवर तो उत्तर हिंदुस्थान आणि बंगालपुरता होता, आता देशभर लागू करता येऊ लागला आणि मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. बोटांचे ठसे घेणे सुरू झाले. तीन वर्षांपूर्वी, १९०८ साली, मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचे मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. भामटे, बेरड, कैकाडी, पारधी, मांग गारुडी अशा एकेका जमातीचा पेहराव, बोली, सवयी आणि चोरीच्या पद्धती त्यात वर्णन केल्या आहेत. पोलिसांच्या हाती असे पुस्तक असले, की चोराचा शोध चोरीपासून सुरू होत नाही. तो पालांपासून सुरू होतो. १९२४च्या कायद्याने हे सारे एकत्र केले आणि तो रद्द होईपर्यंत तेच चालू राहिले.

१८७१च्या कायद्याचा दुसरा भाग कमी चर्चिला जातो, पण तोच या कायद्याची वृत्ती सर्वांत उघडपणे दाखवतो. हा भाग हिजड्यांसंबंधी होता. संशयित म्हणून नोंद झालेल्यांपैकी कुणी सार्वजनिक जागी बायकी वस्त्रे वा दागिने घालून दिसला, नाचला किंवा गाणेबजावणे केले, तर दोन वर्षांपर्यंत कैद. साडी नेसणे आणि नाचणे यांत कुणाचे काय चोरीला जाते? १९११ साली ब्रिटिश मुलुखातून हा भाग गळला, पण निजामाच्या राज्यात, ज्यात तेव्हा मराठवाडाही होता, १९१९ साली त्याच धर्तीचा वेगळा कायदा आला. तो पुस्तकात इतका काळ राहिला, की तेलंगणाच्या उच्च न्यायालयाला तो जुलै २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवावा लागला. वेश आणि फिरणे, नाच आणि हजेरी : या कायद्याची बंदी सतत अशाच गोष्टींवर येऊन थांबते, ज्यांत इजा झालेला कुणी फिर्यादी नसतो.

आता सर्वांत जड आक्षेप. चोऱ्या, दरोडे खरेच होत नव्हते का? होत होते. काही जमातींतल्या काही कुटुंबांनी चोरीला उपजीविका केले होते, हे त्या जमातींतून पुढे आलेल्या लेखकांनीही लपवले नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त ते रोखठोक सांगितले आहे. आणि लुटला जाणारा बहुधा सावकार नसे. आठवडी बाजारातून परतणारा शेतकरी, एसटीतली म्हातारी असे. त्यांचे दुःख खोटे नाही. म्हणूनच या आक्षेपाचे उत्तर ‘चोरी नव्हतीच’ असे असू शकत नाही. उत्तर असे आहे, की चोरीसाठी चोरीचा कायदा होता. वारंवार चोरी करणाऱ्याला वाढीव शिक्षा द्यायची तरतूद दंडसंहितेत होती. दरोडेखोरांच्या किंवा चोरांच्या टोळीत सामील असणे हाही तिच्यात स्वतंत्र गुन्हा होता. ज्याच्या उपजीविकेचे साधन दिसत नाही, त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याची सोय फौजदारी प्रक्रियेत होती. या साऱ्यांत निदान एका माणसाविरुद्ध काहीतरी सिद्ध करावे लागे. जमातीच्या कायद्याने जी जादाची सत्ता दिली, ती निर्दोषांवर चालवण्याची; दोषींना पकडायला तिची गरज नव्हती. उलट त्याने तपास दुबळा केला. माग काढायचा, साक्षीदार शोधायचे, माल हुडकायचा, यापेक्षा वस्तीवर छापा घालून हजेरीतले दहाजण उचलणे सोपे. खरा चोर सुटतो आणि शेतकऱ्याचा माल परत येत नाही, तरी प्रकरण मात्र निकालात निघते.

दुसरा आक्षेप सुधारणेचा. सेटलमेंटांमध्ये, म्हणजे या जमातींच्या सक्तीच्या वस्त्यांमध्ये, शाळा होत्या, काम होते, घरे होती, हे खरे. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर अशा ठिकाणी त्या उभ्या राहिल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमधली माणसे तिथल्या कापडगिरण्यांत राबली. मिशनऱ्यांनी काही वस्त्या चालवल्या. उत्तरेत साल्व्हेशन आर्मीने ते काम अंगावर घेतले. मुंबई इलाख्यातले सेटलमेंट अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट हे दुष्ट गृहस्थ नव्हते. १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि डॉ. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. सेटलमेंटमधल्या शाळांतून शिकून पुढे गेलेली माणसेही आहेत. तरी शाळा आणि रोजगार यांसाठी तारेचे कुंपण कशाला लागत होते, हा प्रश्न उरतोच. ज्या कामगाराला गिरणी सोडून जाता येत नाही, जो संपात उतरला तर हजेरी चुकवल्याबद्दल तुरुंगात जाऊ शकतो, त्याच्या मजुरीचा भाव कोण ठरवणार? चांगल्या हेतूच्या माणसांनी चालवली, म्हणून सक्तीची वस्ती मोकळी होत नाही. उलट चांगल्या हेतूमुळे ती अधिक काळ टिकते, कारण तिच्याविरुद्ध बोलणाऱ्याला कृतघ्न म्हणता येते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो आणि सोलापुरात सेटलमेंट फ्री कॉलन्या त्या मुक्तीचे नाव आजही वागवतात. स्वतंत्र भारताने येथे एक खरी चूक दुरुस्त केली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण त्याच दशकात जुना स्वभाव नव्या भाषेत परतला. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांबाबतचा कायदा केला. त्यात आधार आधीच्या शिक्षांचा आहे, जन्माचा नाही. कागदावर हा मोठा फरक आहे. प्रत्यक्षात ज्यांच्या पिढ्या हजेरीवर होत्या, त्यांच्याच नावावर अशा शिक्षा साचलेल्या होत्या. त्याच वर्षीच्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरती दाखवणे यांच्या निमित्ताने पैसे मागणेही घेतले. शिवाय उपजीविकेचे साधन दिसत नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटेल अशा रीतीने सार्वजनिक जागी भटकणे किंवा थांबणे, हेही त्यात आले. डोंबारी, गारुडी, नंदीवाले, वासुदेव, जोशी यांच्या पिढीजात कला एका वाक्यात अपराधाच्या हद्दीत गेल्या. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात, पुन्हापुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. येथे जमातीचे नाव नाही, पण ‘दिसणे’ आणि ‘वाटणे’ यांवर उभी असलेली व्याख्या तेच काम करते, कारण कोण कसा दिसतो हे पाहणारा डोळा जुनाच असतो. हा कायदा दिल्लीलाही लागू केला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातली भिकेला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात तो उभा राहिला.

इतक्या जुन्या गोष्टी आता का उकरायच्या, असे विचारले जाते. त्याचे उत्तर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात आहे. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत कैद्यांना जातीनुसार कामे वाटून देणारे नियम आणि विमुक्त जमातींच्या माणसांना जणू जन्मतः सराईत मानणारे उल्लेख तोवर जिवंत होते. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. मूळ कायदा मेल्यानंतर बहात्तर वर्षे त्याची भाषा शासनाच्या कागदांत नांदत होती, कारण ती काढायची म्हणून कुणी कागद वाचलेच नाहीत. बाळकृष्ण रेणके आणि भिकूजी इदाते या दोन महाराष्ट्रीय अध्यक्षांच्या राष्ट्रीय आयोगांनी २००८ आणि २०१७–१८ मध्ये या समाजांबद्दल सविस्तर अहवाल दिले. त्यांची अंमलबजावणी रेंगाळली. त्यामुळे पारध्यांच्या पालावर चोरीच्या तपासासाठी पोलीस येतात, तेव्हा त्यांच्या मागे दीडशे वर्षांची सवय चालत असते.

समाजाला मनाई करणारे कायदे लागतातच. इजा करणाऱ्याला रोखण्याची जबाबदारी कुठल्याही राज्याला टाळता येत नाही आणि नवनव्या इजांसाठी नव्या व्याख्याही कराव्या लागतील. म्हणून प्रत्येक नव्या बंदीला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. तिने नेमके कोणते कृत्य सांगितले आहे? त्या कृत्याने कुणाला कोणती इजा होते? आणि आरोपीला ‘मी हे केले नाही’ असे म्हणून ते न्यायालयात दाखवता येते का? ज्या कायद्याला ही तीन उत्तरे देता येत नाहीत, तो गुन्हेगारी थांबवत नाही, गुन्हेगार नेमतो. त्याच कसोटीवर सराईत गुन्हेगारांचा कायदा आणि भिक्षा प्रतिबंधाचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने आज पुन्हा तपासले पाहिजेत. न्यायालयाने एकेक कलम खोडून काढण्याची वाट पाहणे म्हणजे आपल्या वाट्याचे काम दुसऱ्यावर टाकणे आहे. १८७१चा कायदा परक्यांनी केला होता, एवढे म्हणून आपली सुटका होते. १९५९चे कायदे मात्र आपण केले, आणि ते दुरुस्त करण्याचा अधिकारही आपल्याच हाती आहे.